नोंद ठेवणारे चिनी बांधव
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्याला वाटतं, अमेरिकेत गेला तो सुटला. तिथल्या चिनी लोकांचा इतिहास वेगळं सांगतो. १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली गेली. ती उठायला १९४३ साल उजाडावं लागलं. पुढे १९८२ मध्ये डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन या तरुणाला दोघांनी बेसबॉलच्या बॅटनं मारलं. राग जपानी मोटारींवर आणि जीव गेला चिनी माणसाचा! मारेकऱ्यांना तुरुंगवास नाही. दंड प्रत्येकी ३००० डॉलर.

२०२० साली करोना आला आणि पुन्हा तेच. 'रोग तुम्हीच आणला, परत जा' अशी भाषा सुरू झाली. फ्रान्समध्ये एका दैनिकानं 'पिवळा इशारा' असा मथळा छापला. तिथल्या आशियाई वंशाच्या तरुणांनी 'मी विषाणू नाही' असं लिहून इंटरनेटवर निषेधाची लाट उठवली. दैनिकाला माफी मागावी लागली.

अमेरिकेतल्या मंडळींनी त्याहून चिकाटीचं काम केलं. मार्च २०२० मध्ये चिनी लोकांची एक जुनी संस्था, आणखी एक संघटना आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातला एक विभाग यांनी मिळून इंटरनेटवर तक्रारी घेणं सुरू केलं. इंग्रजी येत नसेल तर चिनी भाषेत लिहा. वर्षभरात ३७९५ नोंदी जमल्या. तीनातल्या दोन निव्वळ शिवीगाळीच्या, आणि लिहिणाऱ्यांत बायका पुरुषांच्या दुपटीहून अधिक! आता शिवी ही तिथल्या पोलिसांच्या लेखी बहुधा गुन्हाच नव्हे. म्हणजे या बायकांचं दुःख सरकारी कागदावर कधी आलंच नसतं. मला यातलं हेच मोठं वाटतं.

मे २०२१ मध्ये द्वेषाच्या गुन्ह्यांविरुद्ध नवा कायदा झाला. पण त्याचा भर पोलिसांवर, शिवीगाळ बाहेरच राहिली. नोंदी जमवणाऱ्यांनीच हे उघड बोलून दाखवलं.

आपल्याकडे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. चारचौघांत जातीवरून केलेला अपमान त्यात गुन्हा ठरतो. तरी किती माउल्या घरी येऊन गप्प बसतात, ते तुम्हीच मनाशी मोजा. विहाराच्या कपाटात वर्गणीची वही आहे. तिच्याशेजारी दुसरी एक वही ठेवावी: तारीख, ठिकाण, काय शब्द वापरले, कोण हजर होतं. लिहिता येत नसेल त्यांचं पोरांनी मोबाईलवर बोलणं टिपून घ्यावं. येत्या पौर्णिमेच्या बैठकीत मी हा विषय समितीपुढे मांडणार आहे. महिला मंडळानं त्या दिवशी जरूर यावं.