मधल्या सुट्टीतलं पाणी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून सगळ्यांनी छड्या, सहली, गॅदरिंग आठवलं. मी एक कधी न बोललेली आठवण सांगते.

मधल्या सुट्टीत मुलगे हापशावर ओंजळीनं पोटभर पाणी प्यायचे. आम्ही मुली डबा खाऊन घोटभरच घ्यायचो. कारण शाळेत मुलींसाठी मुतारी नव्हती. मुलगे मैदानामागच्या बाभळींकडे जायचे. आम्ही घरी पोहोचेपर्यंत कळ काढायचो. डोकं दुखायचं, लघवीला जळजळ व्हायची. त्याचं कारण मला पुढे नर्सिंगला गेल्यावर कळलं.

पाळीच्या दिवसांत तर कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. उठताना मागचीला हळूच विचारायचं, "बघ गं, डाग नाही ना?"

आपल्यातली एक, गणितात पहिली येणारी, आठवीनंतर आलीच नाही. आपण समजलो, लग्न ठरलं असेल. मागच्या वर्षी ती भेटली. म्हणाली, "दर महिन्याला चार दिवस घरी. सकाळी विहिरीवरच्या खेपा होत्याच. अभ्यास मागं पडला, मग आप्पा म्हणाले, आता पुरे."

सर, मी कुणाला दोष देत नाही. तेव्हा हा विषय बोलायचाच नव्हता. आपल्या बाईंचीही तीच अडचण होती, हे आता कळतं.

पुढे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी आलं. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती सहा महिन्यांत करा, असं बजावलं. आपल्या शाळेतही ती बांधली गेली. काल मी पाहायला गेले, तर मुलींच्या बाजूला कुलूप. टाकीत पाणी नाही, सफाईला माणूस नाही. किल्ली शिपाईमामांकडे. चौदा वर्षांची कुठली मुलगी ती मागायला जाईल?

आपण शाळेला कमान बांधून द्यायचं ठरवलंय. माझी विनंती आहे, कमान पुढच्या वर्षी करू. आधी मोटर आणि टाकी, दाराला आतून कडी, झाकणाची बादली आणि सफाई करणाऱ्या मावशींचा वर्षाचा पगार. बांधकाम एकदाच होतं; पाणी आणि सफाई रोज लागते, म्हणून पगाराचे पैसे दरवर्षी काढावे लागतील.

माझा हिस्सा मी आजच खजिनदारांकडे देते आहे. पुढच्या मेळाव्याला आलो, की आधी ते कुलूप निघालंय का ते पाहू.