गुपित कोणाचे आणि कोणापासून?

(बेंगळुरू येथील व्याख्यान)



लष्करी गुपिताचा विषय बेंगळुरूला नवा नाही. 1940 च्या डिसेंबरात सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने या शहरात विमानांचा कारखाना उभारला. आज देश त्याला एचएएल या नावाने ओळखतो. येथे विमाने बांधणाऱ्या कामगाराला संरक्षणाच्या बाबतीत काय बोलावे आणि काय बोलू नये, हे शिकविण्यासाठी दिल्लीहून कोणी येण्याची गरज नाही. सैन्याच्या हालचाली, शस्त्रांचे तांत्रिक तपशील, सीमेवरील ठाण्यांची रचना ही गुप्त राहिलीच पाहिजेत. कम्युनिस्टांचा त्याबद्दल वाद नव्हता आणि नाही. वाद आहे तो या गुप्ततेच्या आड दुसरेच काही दडविले जाते त्याबद्दल.

राफेलचे प्रकरण त्यासाठी नीट पाहावे. मूळ बेत 126 विमानांचा होता व त्यांपैकी 108 विमाने एचएएलमध्ये बांधली जाणार होती. 10 एप्रिल 2015 रोजी पंतप्रधानांनी पॅरिसमध्ये 36 तयार विमाने घेण्याची घोषणा केली. सप्टेंबर 2016 मध्ये सुमारे 59,000 कोटी रुपयांचा करार झाला. विमाने बांधण्याच्या कामातून सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना वगळला गेला आणि दासो कंपनीची भागीदार म्हणून अनिल अंबानींची कंपनी नागपूरच्या मिहानमध्ये अवतरली. किंमत विचारली तेव्हा संसदेला उत्तर मिळाले की, फ्रान्सशी 2008 साली झालेल्या गुप्ततेच्या करारामुळे ती सांगता येत नाही. विमान विकणाऱ्याला किंमत ठाऊक, घेणाऱ्या सरकारला ठाऊक. ठाऊक नव्हती ती फक्त पैसे भरणाऱ्या जनतेला!

हा पडदा 2019 च्या आरंभी 'द हिंदू' या दैनिकात एन. राम यांच्या लेखांनी फाडला. 8 फेब्रुवारीला त्यांनी संरक्षण मंत्रालयाचे 24 नोव्हेंबर 2015 चे टिपण छापले. पंतप्रधान कार्यालय फ्रान्सशी समांतर वाटाघाटी करीत असल्याने आपल्या वाटाघाटी करणाऱ्या पथकाची बाजू कमकुवत होते, अशी मंत्रालयातील अधिकाऱ्यांचीच त्यात तक्रार होती. या कागदात एकाही तोफेचा पल्ला नव्हता, एकाही तळाचा नकाशा नव्हता. मग शत्रूच्या हाती काय लागले? 6 मार्चला अॅटर्नी जनरलनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले की कागद चोरीला गेले आहेत आणि शासकीय गुपिते कायद्याखाली कारवाईचा विचार चालू आहे. दोनच दिवसांनी त्यांनी खुलासा केला की चोरी झालेली नाही, छायाप्रती वापरल्या गेल्या आहेत. असो.

10 एप्रिल 2019 रोजी, पॅरिसच्या घोषणेनंतर बरोबर चार वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सरकारचा प्राथमिक आक्षेप एकमताने फेटाळला. गुप्त असा शिक्का असलेल्या कागदाचे प्रकाशन रोखण्याचा अधिकार या कायद्याने किंवा अन्य कोणत्याही कायद्याने सरकारला दिल्याचे दाखविता आलेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकालात अमेरिकेच्या 1971 च्या खटल्याचा आधार आहे. व्हिएतनाम युद्धाविषयी चार राष्ट्राध्यक्षांनी जनतेला कसे अंधारात ठेवले याचे सात हजार पानी दप्तर डॅनिएल एल्सबर्ग यांनी बाहेर आणले आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते छापू दिले. राफेलच्या फेरविचार याचिका पुढे 14 नोव्हेंबर 2019 रोजी फेटाळल्या गेल्या, हेही सांगितले पाहिजे. चौकशीची लढाई हरली; छापण्याच्या हक्काबाबतचा निकाल मात्र शिल्लक राहिला.

त्यावर फार विसंबू नये. 10 एप्रिलच्या त्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये ज्युलियन असांज यांना अटक झाली. इराक व अफगाणिस्तानातील युद्धाचे दस्तऐवज त्यांनी प्रसिद्ध केले होते. त्यानंतर पाच वर्षे ते तुरुंगात होते आणि जून 2024 मध्ये एक आरोप कबूल केल्यावरच त्यांची सुटका झाली.

आपल्याकडील कायद्याचे कूळही तपासण्याजोगे आहे. 1889 साली काश्मीरच्या महाराजांविषयीच्या कारस्थानाचा सरकारी कागद 'अमृत बझार पत्रिके'ने छापला आणि त्याच वर्षी ब्रिटिशांनी गुपिते कायदा केला. कर्झनने 1904 मध्ये तो लष्करापलीकडे मुलकी कारभारालाही लावला; त्या वेळी केंद्रीय विधिमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी कडाडून विरोध केला होता. गोखले क्रांतिकारक नव्हते, पण वृत्तपत्राचे तोंड बंद झाल्यावर कारभार कोणाच्या हाती जातो हे त्या नेमस्तालाही दिसत होते. आजचा कायदा 1923 चा. पुढच्याच वर्षी, 1924 मध्ये, याच राजवटीने कॉम्रेड डांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर कानपूर कटाचा खटला भरला. साहेब गेला, कायदा राहिला. 'गुप्त' म्हणजे काय, याची व्याख्या त्यात आजही नाही. कागद देणारा गुन्हेगार आणि घेणाराही गुन्हेगार. हेरगिरीच्या कलमात तर विशिष्ट कृत्य सिद्ध झाले नाही तरी आरोपीच्या ज्ञात चारित्र्यावरून त्याला दोषी धरण्याची सोय आहे.

ती कशी वापरली जाते? 2002 च्या जूनमध्ये 'काश्मीर टाइम्स'चे दिल्लीतील पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना अटक झाली. त्यांच्या संगणकात सापडलेला लष्करी मजकूर पाकिस्तानातील एका संस्थेने उघडपणे प्रसिद्ध केलेला होता. तरी ते सात महिने तिहार तुरुंगात राहिले आणि लष्करी गुप्तचर विभागाने आपले मत बदलल्यावर जानेवारी 2003 मध्ये सुटले.

महाराष्ट्राला अधिक जवळचे उदाहरण देवळालीचे. अधिकाऱ्यांची कुत्री फिरविणे, त्यांची मुले शाळेत पोहोचविणे अशी कामे जवानांकडून करून घेतली जातात, हे 2017 मध्ये 'द क्विंट'च्या पूनम अगरवाल यांनी छुप्या कॅमेऱ्याने दाखविले. त्यात बोललेला एक जवान नंतर छावणीतील पडक्या इमारतीत मृतावस्थेत सापडला. छुपा कॅमेरा वापरताना बोलणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी पत्रकारावर किती, हा प्रश्न कठीण आहे आणि तो टाळू नये. पण नाशिकच्या पोलिसांनी जो गुन्हा नोंदविला त्यात गुपिते कायद्याची कलमेही होती! कुत्र्याला फिरवून आणणे हे राष्ट्रीय गुपित कसे, याचे उत्तर द्यायला कोणी बांधील नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये हा गुन्हा रद्द केला. शेतकऱ्याचा मुलगा गणवेश चढवितो तेव्हा त्याची तक्रारही शासनाच्या मालकीची होते, असाच या कलमांचा अर्थ निघाला असता.

2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमाने एक फट पाडली आहे. गुपिते कायदा काहीही म्हणो, जनहित अधिक वजनदार असेल तर माहिती देता येते. पण अर्ज करणारा नागरिक आणि फाईल पाहून अस्वस्थ झालेला कारकून यांत फरक आहे. त्या कारकुनाला कलम पाच अजून लागू आहे आणि बातमीचा उगम बहुधा त्याच्याच टेबलाशी असतो.

दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने जून 2006 मध्ये हा कायदा रद्द करून खऱ्या सुरक्षेपुरत्या तरतुदी अन्यत्र नेण्याची शिफारस केली. आयोगाचे अध्यक्ष वीरप्पा मोईली याच राज्याचे माजी मुख्यमंत्री. मनमोहन सिंग सरकारने ती स्वीकारली नाही. त्या सरकारला 2008 पर्यंत डाव्या पक्षांचा बाहेरून पाठिंबा होता, हे लपविण्याचे कारण नाही. तेव्हा या मागणीसाठी जेवढा रेटा द्यायला हवा होता तेवढा दिला गेला नाही. 2014 नंतरच्या सरकारकडून तर ती अपेक्षाच नव्हती. शिफारस मात्र छापील अहवालात आहे, कोणालाही वाचता येते, आणि एचएएलच्या फाटकासभेत ती कन्नडमध्ये वाचून दाखविण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.