मोटार कुशीवर वळविताना

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे खारा वारा पोचत नाही. म्हणून जुन्या मोटारीचा पत्रा मुंबईपेक्षा तेथे अधिक तग धरतो. तथापि नैर्ऋत्येचा पाऊस ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येचा येतो, आणि गाडीच्या पोटाला चिकटलेला चिखल वाळत नाही. वरून आरशासारखी झळकणारी मोटार खालून चाळणी झालेली आढळते, ती यामुळे.

ही चाळणी बुजवायची तर उताणे पडून वेल्डिंग करणे हा छळच. वितळलेले लोखंड अंगावर गळते आणि जोडही कच्चा राहतो. म्हणून जाणता कारागीर गाडीचा सांगाडाच कुशीवर वळवितो.

या सांगाड्याचे बंगळूरशी एक लांबचे नाते आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर सरकारच्या साहाय्याने तेथे विमानांचा कारखाना उभारला, आणि १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९५३ साली इटलीत निघालेल्या या गाडीच्या नव्या घडणीत वेगळी चेचीस नाही. विमानाप्रमाणे पत्र्याचे कवचच सारा भार पेलते. दरवाजाखालचा पोकळ उंबरठा हा त्या कवचाचा कणा होय. तो गंजून गेला असता गाडी तशीच आडवी केली, तर ती मधोमध पिळवटते, आणि मग दरवाजे जन्मात नीट बसत नाहीत. यास्तव दरवाजांच्या चौकटींत लोखंडी नळ्या आडव्या-तिरप्या जोडून घेणे, हे पहिले काम. घाईत नेमके तेच राहते.

त्याआधी बॅटरी, इंजिन व गिअरबॉक्स उतरवावे. तेल, ब्रेकचे द्रव व पेट्रोल काढून टाकी गाडीपासून दूर न्यावी. रिकामी टाकी भरलेलीहून अधिक घातक. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती आत आणि जमिनीलगत दबून राहते.

इंजिन उतरताच गाडीचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. उरलेले कवच पाच-सहा माणसांना सहज कलते, आणि फसगत होते ती येथेच. प्रारंभी जोर लावावा लागतो. गुरुत्वमध्य टेकलेल्या कडेच्या पलीकडे गेला, की तेच वजन आपण होऊन कोसळू लागते. त्या क्षणी माणसांचे हात निरुपयोगी ठरतात. म्हणून ओढणाऱ्या दोराइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा असतो तो विरुद्ध बाजूने धरून ठेवणारा दोर. तो भक्कम खांबाला वेढा देऊन हळूहळू सोडावा. ज्या बाजूला गाडी कलणार, तेथे कोणीही उभे राहू नये. खाली जुने टायर असावेत, आणि वळल्यावर दोन्ही अंगांनी लाकडी धिरे व पाचरी. केवळ जॅकच्या किंवा दोराच्या भरवशावर हात आत घालू नये.

वारंवार असे काम करणारे पुढेमागे दोन उभ्या चौकटी रोवून कवच रहाटासारखे फिरते ठेवतात. त्यातही आस गुरुत्वमध्यातून जावा आणि प्रत्येक थांब्यावर खिळी पक्की बसावी; नाहीतर हा रहाट स्वतःच फिरतो.

नवा पत्रा बसला, रंग झाला, की उंबरठ्याच्या तळाची बारीक भोके तपासावीत. पाणी निथळण्यासाठीच ती ठेवलेली असतात. नीटनेटकेपणाच्या भरात पुष्कळदा तीच बुजवली जातात.