भयकथा आणि रात्रशाळेचा एक विद्यार्थी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार यांपैकी काही ऐकावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही ‘भयकथा’ म्हणालो आणि चिटणीस क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. युनियनवाल्याचा आणि भुताखेतांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो एका मुलामुळे आमच्या ध्यानी आला.

आमच्या युनियनच्या कचेरीत दोन कपाटांचे वाचनालय आहे. एकात कायद्याची पुस्तके. ती कोणी नेत नाही. दुसऱ्यात कथाकादंबऱ्या; त्यांतही नारायण धारप, रत्नाकर मतकरी आणि इंग्रजी भयकथांचे अनुवाद यांचीच पाने सुटलेली. गेल्या वर्षी कार्यकारिणीतील काही जाणत्या सभासदांनी ठराव आणला, की ही पुस्तके काढून टाकावीत. त्यांनी पोरांची मने दुबळी होतात आणि अंधश्रद्धा बळावते. ज्या महाराष्ट्रात २०१३ साली नरेंद्र दाभोलकरांना प्राण द्यावे लागले, तेथे हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. आम्ही एवढेच सुचविले, की मत देण्याआधी ही पुस्तके सर्वांत जास्त कोण नेतो ते पाहावे आणि त्यालाच विचारावे.

तो निघाला सतरा वर्षांचा मुलगा. दिवसा हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलतो, संध्याकाळी रात्रशाळेत दहावीला बसतो. वाचलेल्या पुस्तकाविषयी वाटेल ते वहीत लिहिण्याची त्याला सवय आहे. ती वही त्याने आम्हांस दिली. आपले नाव सांगू नये, बाकी खुशाल सांगावे, एवढीच त्याची अट.

वहीत आधी अर्थातच भीती आहे. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त, म्हणजे १८९७ सालच्या कादंबरीत, तो सरदार आपल्या गढीच्या भिंतीवरून पालीसारखा खाली डोके करून उतरतो. हे वाचल्यावर चार रात्री आपण चाळीच्या टोकाच्या संडासात एकटे गेलो नाही, धाकट्या भावाला दोन रुपये देऊन बरोबर नेले, असे मुलाने लिहून ठेवले आहे. पण त्याच पुस्तकाविषयी पुढे जे लिहिले आहे, ते वाचून आम्ही चष्मा काढून ठेवला.

कथेतला हार्कर हा वकिलाच्या कचेरीतला तरुण माणूस. मालकाच्या कामासाठी तो ट्रान्सिल्व्हेनियास जातो आणि गढीत अडकतो. सरदार त्याच्याकडून तीन पत्रे आगाऊ लिहून घेतो. काम संपत आले, उद्या निघतो, गढी सोडून सुखरूप पुढे पोहोचलो, असा त्यांतला मजकूर. आणि तारखा सरदार सांगेल त्या, पुढच्या. पुढे माणूस नाहीसा झाला तरी कागद म्हणणार, की तो आपल्या पायांनी गेला. मुलाने लिहिले आहे: ‘पालीपेक्षा मला ही पत्रे जास्त भयंकर वाटली. सही आपली आणि तारीख त्याची.’

त्याच रात्री त्याने बापाला विचारले, “पप्पा, तुम्ही असा कागद कुठे दिलाय का?” बाप काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा आमच्याकडे आला, आणि त्याच्या मागोमाग, दोन दिवसांनी, बाप. एका कारखान्यात कंत्राटावर लागताना त्याच्याकडून बिनतारखेचा राजीनामा लिहून घेतला होता. दोन वर्षांनी त्यावर तारीख पडली आणि तो ‘स्वखुशीने’ घरी बसला. ही रीत आम्हांस नवी नाही. नवे हे, की रोज आमच्या कचेरीवरून जाणारा हा माणूस लाजेने गप्प होता. आपणच सही केली, आता कोणत्या तोंडाने सांगावे! त्याच्यामागून आणखी सात जण आले. प्रकरण चालू आहे, म्हणून अधिक बोलत नाही.

कार्ल मार्क्सने १८६७ साली, ‘ड्रॅक्युला’च्या तीस वर्षे आधी, भांडवलाला रक्तपिपासू पिशाचाची उपमा दिली होती. मुलाने मार्क्स वाचलेला नाही, आणि आम्हीही तो त्याच्या गळी उतरविला नाही.

धारपांवर मात्र तो नाराज आहे. म्हणजे वाचतो सगळे, पण त्यांच्या ‘समर्थां’विषयी लिहितो, की ते आले की सगळे मिटणार हे आधीच ठाऊक असते, आमच्या गल्लीत असे कोणी येत नाही. यावर आम्ही मोठ्याने हसलो. पंचवीस वर्षे आम्ही गेटसभांतून हेच सांगत आलो, की कोणी समर्थ येणार नाही, आणि सभा संपल्यावर लोक आमच्याच पाया पडतात. धारप (१९२५–२००८) हे गोष्ट रंगवून सांगणारे लेखक, एवढे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. त्यांच्यामागून निघालेल्या स्वस्त भयकथांत मात्र खंडीभर भुसकट आहे, हेही खरे.

सर्वांत लांब टिपण ‘फ्रँकेन्स्टाइन’वर आहे. मेरी शेली अठरा वर्षांची असताना, १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात, जिनीव्हा सरोवराकाठी लॉर्ड बायरनने सुचविले, की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी. त्यातून ही कादंबरी १८१८ साली निघाली. याच बायरनने १८१२ साली, विणकामाचे माग फोडणाऱ्या कामगारांना फाशी देणाऱ्या विधेयकाविरुद्ध, लॉर्डांच्या सभागृहात भाषण केले होते. भयकथा आणि कामगार इतके शेजारी राहतात, हे आम्हांसही पूर्वी ठाऊक नव्हते.

या कादंबरीत मुलाला राक्षसाची भीती वाटलीच नाही. दया आली, आणि राग आला तो त्याला घडवून पळून जाणाऱ्याचा. त्या जिवाला नाव नाही, याकडे त्याचे लक्ष गेले. एका गरीब कुटुंबाच्या झोपडीलगतच्या आडोशाला लपून, फटीतून पाहत आणि ऐकत तो भाषा शिकतो. रानात एक पिशवी सापडते, तीतल्या पुस्तकांवर वाचू लागतो. ‘हा माझ्यासारखा रात्रशाळेचा,’ असे मुलाने लिहिले आहे. आम्ही स्वतः इयत्ता सातवीनंतर रद्दीच्या दुकानात बसून वाचत गेलो. तेव्हा या वाक्याचे आम्हांस काय वाटले, ते निराळे सांगत नाही.

ठराव मतास पडला आणि दोन मतांनी फेटाळला गेला. विरोधकांपैकी एक जण आता मतकरी घेऊन जातात, वर्तमानपत्रात गुंडाळून.

त्या पिशवीत मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’, प्लुटार्कची चरित्रे आणि गटेची वेर्थरची कादंबरी अशी तीन पुस्तके होती. मुलगा परवा विचारत होता, “काका, ही मराठीत मिळतील का?” आमच्या कपाटात नाहीत. आपल्यापैकी कोणाच्या घरी असतील, तर कचेरी संध्याकाळी सात ते नऊ उघडी असते. पंधरा दिवसांत परत मिळेल.