वकिलाची फी, अशिलाचा पैसा आणि शिस्तभंग

वकिलाने खासगी अशिलाकडून किती फी घ्यावी, याला भारतात कायद्याने कमाल मर्यादा घातलेली नाही. १९२६ च्या ‘लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) अ‍ॅक्ट’ने वकील आणि अशील यांना फी आपसात ठरवण्याची मोकळीक दिली. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियमही फी वकिलाच्या व्यवसायातील स्थानाला आणि प्रकरणाच्या स्वरूपाला साजेशी असावी, याच्या पुढे जात नाहीत. म्हणून फी भारी आहे, एवढ्यावरून सहसा कोणाची सनद धोक्यात येत नाही. ती धोक्यात येते फी घेण्याच्या रीतीवरून: न केलेल्या कामाचे पैसे लावणे, खर्चाच्या नावाने घेतलेली रक्कम फीत जिरवणे, अशिलाचे आलेले पैसे दडवणे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ मध्ये गैरवर्तनाची व्याख्या नाही. कलम ३५ ‘व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तन’ एवढेच म्हणते आणि बाकीचे बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीच्या विवेकावर सोडते. तो विवेक कशाच्या आधाराने चालावा, हे मात्र नियमांत बरेच तपशिलाने आले आहे.

नियम २५ ते ३० हे या विषयाचे खरे मर्म आहेत, आणि वकिलांच्या जगात सर्वांत कमी वाचले जाणारे नियमही बहुधा तेच असावेत. अशिलाच्या पैशाचा हिशेब वकिलाने ठेवला पाहिजे. त्यात जमा, खर्च आणि फीपोटी वळते केलेले पैसे तारखेनिशी दिसले पाहिजेत. आलेली रक्कम फीची की खर्चाची, हे नोंदीत स्पष्ट हवे. प्रकरण चालू असताना खर्चाची रक्कम फीकडे वळवायची तर अशिलाची लेखी संमती लागते. अशिलाच्या वतीने पैसे मिळाले तर ते त्याला लवकरात लवकर कळवायचे, आणि त्याने मागितल्यास हिशेबाची प्रत द्यायची. तालुका न्यायालयाच्या आवारात मात्र कोर्ट-फी स्टॅम्प, नक्कल, टायपिंग, कारकून आणि वकिलाची त्या तारखेची फी असे सगळे एकाच नोटेत दिले-घेतले जाते आणि पावती क्वचितच निघते. अप्रामाणिकपणा करणाऱ्याला याहून सोयीची व्यवस्था नाही. प्रामाणिक वकिलाचेही तिच्यात नुकसानच आहे, कारण तक्रार झालीच तर दाखवायला त्याच्याकडे कागद नसतो.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल पाहिले तर रकमेपेक्षा विश्वासघाताला अधिक वजन मिळालेले दिसते. उत्तर प्रदेशातील एका वकिलाने भूसंपादनाच्या भरपाईचे ८,११८ रुपये १९८७ मध्ये न्यायालयातून काढले आणि अशिलाला दिले नाहीत. तक्रार झाल्यावर तडजोड झाल्याचे खोटे प्रतिज्ञापत्र सादर केले. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्याला तीन वर्षांसाठी निलंबित केले होते. वकील स्वतःच अपिलात गेला, आणि २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा वाढवून त्याचे नाव पटावरूनच काढले. राजस्थानातील दुसऱ्या प्रकरणात वकिलाने अशिलाला पत्र लिहून न्यायाधीशासाठी दहा हजार रुपये मागितले होते. ‘साहेबांना द्यायचे आहेत’ या सबबीवर उकळलेला पैसा हा खोट्या बिलाचा सर्वांत ओंगळ प्रकार. बार कौन्सिल ऑफ इंडियाने पुनर्विलोकनात केवळ ताकीद देऊन सोडलेल्या या वकिलालाही २००१ मध्ये न्यायालयाने कायमचे बाहेर काढले.

टक्केवारीचा प्रश्न वेगळा आहे. नियम २० नुसार निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेता येत नाही. १९५४ मध्ये मुंबईच्या एका वकिलाने वसुलीतील निम्मा वाटा ठरवून घेतल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. असाच करार दोन सामान्य माणसांत झाला तर भारतात तो अवैध ठरेलच असे नाही, पण वकिलाने केला तर ते गैरवर्तन, अशी रेघ न्यायालयाने ओढली. तरीही मोटार अपघाताच्या दाव्यांत टक्केवारी उघड बोलली जाते. तेलंगणातील अशाच एका दाव्यात टक्केवारीच्या फीपोटी घेतलेला दहा लाखांचा धनादेश वटला नाही, म्हणून वकिलाने निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ खाली फिर्याद केली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ती रद्द केली आणि फीच्या नियमनासाठी कायदा हवा, असे सरकारला सुचवले.

थकलेल्या फीसाठी कागदपत्रे अडवून ठेवणे हाही अशिलाला वेठीस धरण्याचाच मार्ग आहे. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेच्या वकिलाने ९७,१०० रुपयांच्या बिलासाठी फायली रोखल्या. २००० मध्ये न्यायालयाने सांगितले की फायलींवर वकिलाचा धारणाधिकार नाही. फी हवी असेल तर दावा लावावा.

तासावर बिल लावण्याची पद्धत आता मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये रुळली आहे, पण आपले नियम तिच्याविषयी काहीच बोलत नाहीत. अमेरिकन बार असोसिएशनने १९९३ मध्येच यावर औपचारिक मत दिले. एका अशिलासाठी विमानप्रवास करताना दुसऱ्याचे काम केले तर तेच तास दोघांना लावता येत नाहीत. आधीच्या अशिलासाठी तयार केलेला मसुदा वापरून पुन्हा मूळ तासांचे पैसे घेता येत नाहीत. झेरॉक्ससारखा खर्च प्रत्यक्ष दरानेच लावायचा. अमेरिकेचे माजी असोसिएट अ‍ॅटर्नी जनरल वेबस्टर हबेल यांनी डिसेंबर १९९४ मध्ये आपल्या जुन्या लॉ फर्मला आणि तिच्या अशिलांना खोट्या बिलांनी फसवल्याचा गुन्हा कबूल केला व त्यांना २१ महिन्यांची कैद झाली. तिथे खोटेपणा सापडतो तो तासांच्या नोंदी आणि पावत्या लिहून ठेवाव्या लागतात म्हणून.

तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करायची असते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ते मुंबईत आहे. गैरवर्तन झाल्याचे मानण्यास कारण आहे असे कौन्सिलला वाटले, तरच प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. कारवाई अर्धफौजदारी स्वरूपाची मानली जात असल्याने पुरावा भक्कम लागतो. तोंडी व्यवहारात तो आणायचा कुठून, हीच बहुतेक तक्रारदारांची अडचण. समिती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, सनद निलंबित करू शकते किंवा नाव पटावरून काढू शकते. एका वर्षात निकाल न लागल्यास प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. राज्य समितीच्या आदेशावर साठ दिवसांत तिथे, आणि तिथून आणखी साठ दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली, त्यामुळे ग्राहक आयोगाचा तुलनेने सोपा रस्ता बंद झाला. कलम ३५ मधील आदेशांत अशिलाची रक्कम परत करण्याचा आदेश नाही. सनद गेली तरी अडकलेल्या पैशासाठी अशिलाला वेगळा दिवाणी दावा लावावा लागतो, आणि अफरातफर असेल तर पोलिसांत फिर्याद द्यावी लागते.