मोडेममधले एरर : घाबरायचं कधी, सोडून द्यायचं कधी?

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी इंटरनेट टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येतं, म्हणजेच डीएसएल. आपल्याकडे आता बऱ्याच ठिकाणी फायबर आलंय, पण जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेले आपले कितीतरी मित्रमैत्रिणी आजही डीएसएलवर आहेत. स्पीड टेस्ट झकास, पण व्हिडिओ कॉलवर आईचा आवाज मध्येच तुटतो. मग राउटरचं पान उघडायचं, तिथे ‘एफईसी : ४ लाख’ दिसतं आणि पोटात गोळा येतो.

थांबा. एफईसी म्हणजे दुरुस्त झालेल्या चुका. डेटाच्या प्रत्येक तुकड्यासोबत काही जादा बाइट पाठवलेले असतात. असे १६ बाइट असतील, तर त्या तुकड्यातले ८ बिघडलेले बाइट जागच्या जागी दुरुस्त होतात. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

खरी चिंता सीआरसीची. सीआरसी वाढला म्हणजे दुरुस्ती जमली नाही, डेटा गेला. ज्या सेकंदात असा एक तरी एरर आला तो ‘ईएस’, आणि १८ किंवा जास्त आले तर तो ‘एसईएस’, म्हणजे गंभीर सेकंद.

आता रिट्रान्समिशन. एखादा हलका चार्जर किंवा मोटर तारेत क्षणभर इतका गोंगाट करते, की ते जादा बाइट पुरे पडत नाहीत. त्यासाठी २०१० मध्ये ‘जी.आयएनपी’ हे स्टँडर्ड आलं. पाठवणारा डेटाची प्रत थोडा वेळ जवळ ठेवतो. घेणारा म्हणतो, “नीट ऐकू आलं नाही, परत सांग.” की लगेच तोच तुकडा पुन्हा येतो.

तुम्ही म्हणाल, हे तर टीसीपीपण करतं. करतं, पण थेट लांबच्या सर्व्हरपर्यंत जाऊन. इथे सगळं तुमचं घर आणि रस्त्यावरची पेटी किंवा एक्स्चेंज यांच्यातच, काही मिलिसेकंदांत मिटतं. शिवाय व्हिडिओ कॉल सहसा यूडीपीवर चालतो. त्यात हरवलेल्या तुकड्याची वाट बघायला वेळच नसतो. म्हणून तारेवरच दुरुस्ती झालेली बरी.

पण हे फुकट नाही. गोंगाट सतत असेल, तर पुन्हा पाठवण्यातच जागा जाते, वेग घटतो आणि विलंब कमीजास्त होतो. काही मोडेम तीन आकडे दाखवतात : किती तुकडे पुन्हा पाठवले, त्याने किती वाचले आणि किती तरीही गेले. तिसरा आकडा शून्याजवळ असेल तर निवांत राहा. पहिला अचानक उसळला, तर समजा की गोंगाट आहे, फक्त झाकला गेलाय.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं : आकडा किती वेळातला ते बघा. २ महिन्यांतले १०,००० सीआरसी वेगळे आणि १० मिनिटांतले वेगळे! १५ मिनिटांच्या अंतराने दोनदा आकडे लिहा आणि वजाबाकी करा. कॉल तुटतो त्याच वेळी सीआरसी वाढतोय का? मग एकेक चार्जर काढून बघा, वायर बदलून बघा. तरीही वाढतोय? मग कंपनीला फोन लावा. “नेट खराब आहे” म्हणू नका. म्हणा, “रात्री ८ ते सव्वाआठ, सीआरसी इतके, एसईएस इतके.”

समोरच्याला मग “मोडेम रीस्टार्ट करा” एवढ्यावर तुमची बोळवण करणं जड जातं. भेटूया पुढच्या भागात!