वाळलेल्या कुरणावरची गुरे आणि युरियाचे चाटण



मी बँकेतला लेखनिक, शिक्षण कला शाखेचे. गुरांच्या आहारावर हा काय बोलणार, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. परंतु जनावरांच्या कर्जाचे कागद टेबलावरून गेले की मागे गोठ्यात काय घडले तेही कानावर येते. आमच्या एका खातेदाराने ऐकीव माहितीवर बैलाला पाण्यात युरिया कालवून पाजला. दोन तासांत बैल गेला. हप्ते मात्र राहिले. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो.

मुळात जनावराला युरिया द्यायचाच कशाला? त्यासाठी उत्तर ऑस्ट्रेलियाकडे पाहावे लागेल. तिथे मांसासाठी पाळलेली गुरे अफाट कुरणांवर चरतात. पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुढे सारे कोरडे. कोरड्या दिवसांत गवत उभे दिसते, तरी गुरे रोडावतात. गवत पचवते ते खरे तर जनावर नव्हे, त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव! गवतातली प्रथिने साधारण 7 टक्क्यांच्या खाली गेली की या जीवांची उपासमार होते, चारा पोटात पडून राहतो आणि जनावर खाणेच कमी करते. भरल्या कुरणात उपाशी राहण्याचा हा प्रकार आहे.

युरियात 46 टक्के नत्र असते. सूक्ष्मजीव त्यापासून आपली प्रथिने बनवतात. म्हणून तिकडे मीठ, युरिया आणि थोडे गंधक यांचे चाटण कुरणात ठेवतात. त्यातले मीठ आवर घालण्यासाठीही असते. खारटपणामुळे जनावर एका वेळी फार चाटत नाही. मोठ्या गाईला दिवसाला साठेक ग्रॅम युरिया, तोही थोडा थोडा. एकदम पोटात गेला तर त्याचा अमोनिया होऊन रक्तात भिनतो. म्हणून चाटणाच्या भांड्यावर छप्पर हवे, तळाला भोके हवीत. पावसाचे पाणी साचले तर गुरे तेच युरियाचे पाणी पितात. आमच्या खातेदाराने नेमके ते हाताने पाजले.

हिरव्या गवतावर युरियाचा खर्च फुकट जातो, आणि गवतच नसेल तर तो घातक. स्फुरदाचे उलटे आहे. तिथल्या बऱ्याच जमिनींत ते कमी. गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळतात आणि त्यातून विषबाधा होऊन मरतात. पण स्फुरद अंगी लागते ते पावसाळ्यात, गवत हिरवे असताना. नेमके तेव्हा मालक म्हणतो, आता गुरे धष्टपुष्ट आहेत, खर्च कशाला?

ही गुरे आपल्याला परकी नाहीत. गीर, कांक्रेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची गुरे यांच्यापासून अमेरिकेत ‘ब्राह्मण’ नावाची जात घडवली गेली व 1933 साली ती क्वीन्सलँडला पोचली. आपण हसाल, पण नाव मी ठेवलेले नाही!

आपल्याकडे 2015 पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे, तेव्हा हिशेब दुधाचा व कामाचा. पोट मात्र तेच. वाळल्या वैरणीसाठी सांगितलेली रीत अशी: 100 किलो वैरणीला 4 किलो युरिया सुमारे 40 ते 50 लिटर पाण्यात पुरता विरघळवून थराथरावर शिंपावा, वैरण दाबून 21 दिवस हवाबंद झाकावी. उघडल्यावर उग्र वास उडू द्यावा, मग थोड्यापासून सुरुवात करावी. लहान वासरांना व उपाशी जनावरांना ती मुळीच घालू नये.

त्या खातेदाराने पुढे गावातल्या पशुवैद्यकांना विचारून असा ढीग लावला. युरियाचे पोते आता तो गोठ्यात ठेवत नाही, घरात माळ्यावर ठेवतो.